बीडमधील बालविवाह : सर्वेक्षणाचे आकडे कसे वाचावेत?

बीड - कायद्याने गुन्हा ठरलेली, परंतु समाज ज्यांना गुन्हा मानत नाही, अशी कृत्ये पोलिसांच्या दप्तरात फारशी उतरत नाहीत. बालविवाह हे त्याचे ठळक उदाहरण. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२० मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली संपूर्ण देशात अवघे ७८५ गुन्हे नोंदविले गेले. याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एकट्या बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के महिलांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. राज्याची सरासरी २१.९, तर देशाची २३.३ टक्के होती.

तक्रारदारच नसतो

गुन्हा नोंदविण्यासाठी कोणीतरी पुढे यावे लागते. बालविवाहात दोन्हीकडचे आई-वडील, नातलग व वऱ्हाडी सहभागी असतात. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने घर सोडणाऱ्या कुटुंबांना वयात आलेल्या मुलीला मागे कोणाकडे ठेवावे, हा प्रश्न पडतो. शिवाय कारखान्यावर नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' धरून उचल मिळते. त्यामुळे मुलीचे लवकर लग्न हा गुन्हा नव्हे, तर कर्तव्य वाटते. २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. राज्यात ग्रामसेवकाकडे प्रतिबंधक अधिकाऱ्याचे काम आहे. पण त्यालाही त्याच गावात राहून काम करायचे असते.

प्रश्न विचारण्याची पद्धत

सर्वेक्षणात 'कायदा मोडला का?' असे विचारले जात नाही. महिलेचा जन्म आणि विवाह यांचे महिने व वर्षे विचारली जातात. वयाचा हिशेब नंतर होतो. उत्तराने कोणावर खटला होत नाही, नावही जाहीर होत नाही. पोलिसांना न मिळणारी माहिती म्हणूनच येथे मिळते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात शाळकरी मुलांकडून निनावी प्रश्नावल्या भरून घेतल्या, तेव्हाही मुलांनी सांगितलेली गैरवर्तने पोलिसांच्या नोंदींपेक्षा कितीतरी अधिक निघाली होती.

घरोघरच्या मोजणीतून दडलेला गुन्हा दिसतो, याचा अनुभव बीडने यापूर्वीही घेतला आहे. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती; २०११ मध्ये ती ८०७ वर घसरली. राज्यात ही संख्या सर्वांत कमी होती. परळीतील गर्भपात प्रकरण राज्यभर गाजले ते २०१२ मध्ये. आकड्यांनी इशारा त्याआधीच दिला होता.

वृत्तीचे मोजमाप

याच सर्वेक्षणात पतीने पत्नीला मारणे योग्य आहे का, हेही सात कारणे पुढे ठेवून विचारले जाते. न सांगता घराबाहेर जाणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्यांचा मान न राखणे ही त्यांतील काही. देशात ४५ टक्के महिलांनी व ४४ टक्के पुरुषांनी किमान एक कारण मान्य केले. मारहाण सोसणाऱ्याच तिला योग्य ठरवत असतील, तर तक्रार कमी का येते, हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र हे प्रश्न निवडक घरांतच विचारले जात असल्याने त्यांचे आकडे राज्यपातळीवरच वापरता येतात. बीडला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मर्यादा कोणत्या?

या फेरीत ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ घरांची पाहणी झाली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९००. त्यांत २० ते २४ वयाच्या महिला शे-दोनशेच भरतात. त्यामुळे आकडा काही टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. तालुक्याचे किंवा गावाचे चित्र त्यातून निघत नाही. या महिलांचे विवाह पाहणीपूर्वीच्या काही वर्षांतील असल्याने तो चालू वर्षाचा आकडाही नव्हे. हंगामात कारखान्यावर गेलेले कुटुंब पाहणीच्या वेळी घरी नसेल, तर त्याची नोंद राहूनच जाते.

पोलिसांकडील गुन्हे वाढले म्हणजे बालविवाह वाढले, असे नव्हे. तक्रारी वाढल्या, असाही त्याचा अर्थ असू शकतो. तसेच, गुन्हा नोंदला गेला नाही म्हणून गावात बालविवाह होत नाहीत, असा निष्कर्ष काढणे तर अधिकच घातक. त्याची किंमत शाळा सुटलेल्या मुलीला मोजावी लागते.