जुने खत, नवा दावा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे ह्या गावी बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या रयतेने त्या दिवशी गावातील सावकारांची दुकाने व घरे गाठली. रयतेची मागणी एकच होती : आमची खते आमच्या हवाली करा. कर्जखते, रोखे, खतावण्या रस्त्यावर आणून त्यांची होळी करण्यात आली. पाहता पाहता हा वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरला, आणि सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' ह्या नावाने नोंदली गेली आहे. त्यांतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे त्याच्या जिवाला बहुधा धक्का लागला नाही. रयतेचा राग मुख्यत: कागदावर होता.

एवढा राग कागदावर का असावा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की आपण दिवाणी न्यायालयाच्या दारात जाऊन उभे राहतो.

कर्ज दख्खनच्या शेतकऱ्याला नवे नव्हते. पेशवाईतही सावकार होता. परंतु त्याला गावात राहायचे होते, गावाच्या पंचांसमोर बोलायचे होते, आणि मुद्दलाच्या दुपटीहून अधिक वसूल करू नये हा 'दामदुपटी'चा संकेत सर्वांना ठाऊक होता. इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. १८५५ साली व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेव्हा कापसाचे भाव चढले आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. उत्पन्न घटले, सरकारचे देणे वाढले आणि सावकाराने हात आखडता घेतला.

ह्या साऱ्यांत मुदतीच्या कायद्याचा वाटा आम्हांला विशेष उद्बोधक वाटतो. १८५९ च्या ह्या कायद्याने नोंदणी नसलेल्या कर्जखतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. जुनीपुराणी देणी उकरून काढून कोणी कोणाला छळू नये, हा हेतू चांगलाच होता. परंतु सावकाराने त्यातून वेगळीच वाट काढली. तीन वर्षे भरत आली की तो रयतेला बोलावी, मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करी, त्या बेरजेलाच नवे मुद्दल ठरवी आणि नव्या खतावर अंगठा घेई. तीन वर्षांनी पुन्हा तेच. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे आले. प्रत्येक खत कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होते. त्यावरील आकडा कोठून आला, हे मात्र त्या खतात कोठेही लिहिलेले नसे.

वाडवडिलांच्या कर्जाचीही हीच कथा. मुंबई इलाख्यात १८६६ साली एक कायदा होऊन, वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली असेल तेवढ्यापुरतीच त्याची पूर्वजांच्या ऋणाबद्दल जबाबदारी राहील असे ठरले होते. परंतु वडिलांच्या नावचे खत बदलून मुलाने स्वत:च्या नावाचे खत लिहून दिले, की ते ऋण त्याचेच झाले. कायद्याने दिलेले संरक्षण एका अंगठ्यासरशी निघून जाई, आणि आपण काय गमावले ह्याची अंगठा देणाऱ्याला जाणीवही नसे.

आता न्यायालयाकडे वळू. सावकार दावा लावी. समन्स निघे. रयत मात्र हजर होत नसे. न्यायालय दूर, वाटखर्च नाही, वकिलाला द्यायला पैसा नाही. खतावर अंगठा आपलाच, मग तेथे जाऊन बोलायचे तरी काय, अशी समजूत. समन्स पोचल्याची नोंद दप्तरी व्हावी आणि माणसाला त्याचा पत्ताही नसावा, अशाही तक्रारी होत्या. प्रतिवादी गैरहजर म्हणून हुकूमनामा एकतर्फी होई. न्यायाधीशापुढे एकच कागद व एकच बाजू असे, आणि त्या कागदावर विश्वास ठेवून तो सही करी. मग दरखास्त, जप्ती, लिलाव, प्रसंगी दिवाणी तुरुंग. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर बाबासाहेब देशमुख ह्यांचे राहते घर पाडावयास घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. दंग्यांच्या आधीची ती महत्त्वाची ठिणगी होती.

सुप्याच्या होळीत खते जळाली. परंतु जे हुकूमनामे आधीच झाले होते ते न्यायालयाच्या दप्तरात सुरक्षित राहिले. ज्याला वेळीच उत्तर देता आले असते, त्याला आगीने उत्तर देऊन भागले नाही.

आयोगाच्या अहवालातून पुढे १८७९ सालचा 'दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा' आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील तरतुदी वाचताना असे जाणवते की, न बोलणाऱ्या प्रतिवादीला बोलते करण्याचा तो प्रयत्न होता. कर्जदाराची साक्ष न्यायालयाने घ्यावी. अनावश्यक वाटल्यास तसे कारण लेखी नोंदवावे. कर्जदाराने रक्कम कबूल केली तरी तेवढ्यावर न थांबता, व्यवहार मुळात कोठे सुरू झाला तेथपासूनचा इतिहास तपासावा. मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगवेगळा करावा. खते ग्रामनोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हावीत, सावकाराने पावती द्यावी. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. तीन वर्षांची मुदत उलटी पडली हे ओळखून ती सहा वर्षे, व नोंदणी केलेल्या खतास बारा वर्षे करण्यात आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी ह्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. ह्या कायद्यातही उणिवा होत्या आणि पळवाटाही निघाल्या. तरीही 'हे ऋण मुळात कोठून आले?' हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी त्याने न्यायालयावर टाकली, हे त्याचे मोठेपण.

तो कायदा आज नाही. तो प्रश्न आता प्रतिवादीने स्वत: विचारावयाचा आहे. म्हणूनच हा इतिहास आम्हांला केवळ इतिहास वाटत नाही. आजचे खत क्रेडिट कार्डाचे, वैयक्तिक कर्जाचे वा जामीनकीचे असते. बँक आपले थकलेले कर्ज दुसऱ्या कंपनीस विकू शकते. त्यामुळे ज्या कंपनीचे नावही कधी ऐकले नाही तिची नोटीस, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या रकमेसाठी, एके दिवशी घरी येते. वडील वारलेले असतात, पावत्या सापडत नाहीत, आणि कुटुंबात पहिला विचार येतो तो नोटीस कपाटात टाकून देण्याचा. सुप्याच्या रयतेनेही हेच केले होते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालय कारणे पाहून ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. काही दाव्यांत संक्षिप्त पद्धत असते व हजेरी नोंदवण्यास केवळ दहा दिवस मिळतात. म्हणून समन्सवरील प्रत्येक ओळ वाचणे अगत्याचे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या दाव्यास सामान्यत: तीन वर्षांची मुदत आहे, आणि मुदतबाह्य दावा, प्रतिवादीने तो मुद्दा काढला नाही तरी, न्यायालयाने फेटाळावयाचा असतो. परंतु शेवटचा हप्ता अमुक दिवशी भरला असे वादीने लिहिले आणि ते खोडून काढण्यास कोणीच नसले, तर न्यायालयापुढे तेवढेच राहते. म्हणून कर्जाचा मूळ करार, हप्त्यांचा संपूर्ण उतारा आणि कर्ज विकत घेतल्याचा दस्त वादीने दाखवावा, असे कैफियतीत स्पष्ट मागावे.

अंगठ्याचा धडा तर आजही जसाच्या तसा लागू आहे. मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी व सहीनिशी कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. लेखी नोंद असलेल्या अंशत: भरण्यानेही तेच होते. इतकेच नव्हे, मुदत संपलेले ऋण फेडीन असे सहीनिशी लिहून दिले तर भारतीय करार कायद्यानुसार ते पुन्हा बंधनकारक ठरते. 'साहेब, तूर्त हजार रुपये भरा आणि एवढ्यावर सही करा', असे कोणी गोडीने म्हणाले तरी कागद वकिलाला दाखवल्यावाचून सही करू नये. मृताच्या कर्जाबद्दल वारसाची जबाबदारी आजही हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. पतसंस्थेच्या कर्जास जामीन राहिलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथे वसुलीचा दाखला सहकार निबंधकांकडून निघतो. तेव्हा त्या कार्यालयाच्या नोटिशीलाही न्यायालयाच्या समन्साइतकेच महत्त्व द्यावे. आणि एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करता येतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजले जातात. वकिलाची फी परवडत नसेल त्यांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य साहाय्य मिळते.

यावर कोणी म्हणेल, ही तर देणे बुडवण्याची शिकवण झाली. आम्हांला तसे वाटत नाही. खरे ऋण फेडलेच पाहिजे. त्यात आपल्या घराची अब्रू आहे. पण ऋण खरे आहे की नाही, केवढे आहे आणि कोणाचे आहे, हे ठरण्यासाठी दोन्ही बाजू ऐकल्या जाव्या लागतात. न्यायालयात हजर होणे हा ऋण नाकारण्याचा उद्धटपणा नव्हे. हिशेब मागण्याचा तो साधा हक्क आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या रयतेला तो हक्क कोणी समजावून सांगितला नाही. आपल्या मुलांना तो आपण सांगितला पाहिजे, आणि बँकेचे जुने उतारे, पावत्या व कर्ज फिटल्याचे दाखले घरात एका फाईलीत जपून ठेवण्याची सवयही त्यांना लावली पाहिजे.