सायकलचे पार्ट ऑनलाईन मागवताय? आधी विकणाऱ्याची खातरजमा करा

मुलाची गिअरची सायकल बिघडते. मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा म्हणतात, ‘हा पार्ट आपल्याकडे नाही, ऑनलाईन बघा.’ मग मोबाईलवर शोध सुरू होतो आणि एक वेबसाईट सापडते. फोटो झकास, भाव बाजारापेक्षा निम्मा, वर ‘आज शेवटचा दिवस’. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी अशाच ठिकाणी दुकानासाठी माल मागवला आणि पैसे आगाऊ भरले. माल आलाच नाही. आठवडाभरात तो नंबरही बंद झाला. ज्याचं दुकान रोजच्या पंक्चरवर चालतं, त्याच्यासाठी हा नुसता आर्थिक तोटा नसतो. गिऱ्हाईकाची सायकल अडकते, त्याला रोज काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

पहिली गोष्ट, वेबसाईट दिसते कशी यावरून काही ठरवू नका. चांगली दिसणारी साईट आज दोन दिवसांत उभी राहते. आम्ही सर्वात आधी नावं जुळवून बघतो. साईटवर कंपनीचं नाव काय आहे? तिच्या जीएसटी नंबरवर कोणाचं नाव निघतं? आणि पैसे कोणाच्या खात्यात चाललेत? तिन्ही ठिकाणी एकच नाव असेल किंवा त्यांचा संबंध स्पष्ट असेल, तर पुढे जायला हरकत नाही.

जीएसटी नंबर तपासायला लॉगिन लागत नाही. सरकारी जीएसटी पोर्टलवर जाऊन नंबर टाकला की नोंदणीचं नाव, व्यवसायाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे समोर येतं. नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, पंजाबचा ०३, दिल्लीचा ०७. आपल्याकडे सायकलच्या सुट्या भागांचा बराच माल लुधियानातून येतो. त्यामुळे एखादा ‘लुधियानाचा कारखानदार’ म्हणवतो आणि नंबर भलत्याच राज्याचा देतो, तर त्याला सरळ विचारा. परराज्यातून माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची आहे. ‘आम्ही छोटे आहोत, नंबर नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

यूपीआयने पैसे पाठवण्याआधी खात्यावरचं नाव स्क्रीनवर दिसतं. तिथे घाई करू नका, थांबून वाचा. दुकानाच्या नावाऐवजी कुणा अनोळखी माणसाचं नाव दिसलं तर तिथेच हात आवरा. आणि ‘रिफंड देतो, पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

दुसरी परीक्षा आम्हाला जास्त आवडते, कारण तिला खोटं उत्तर देणं अवघड आहे. विकणाऱ्याला पार्टबद्दल प्रश्न विचारा. उदाहरणार्थ टायर. २६ इंची टायर म्हटलं की सगळे सारखे, असं वाटतं. प्रत्यक्षात २६ × १.७५ हा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो आणि २६ × १-३/८ हा ५९० च्या रिमवर. दोन्ही २६ इंचीच, पण एक दुसऱ्याच्या जागी चढत नाही. जुन्या टायरच्या बाजूला ४७-५५९ किंवा ३७-५९० असे आकडे छापलेले असतात. ते विकणाऱ्याला पाठवा आणि कोणता टायर लागेल ते विचारा.

मागच्या चाकाच्या दात्यांचंही तसंच. गिअरच्या स्वस्त सायकलींना बहुतेक वेळा आट्यांवर फिरवून बसणारा फ्रीव्हील असतो, महागड्यांना हबवर सरकवून बसणारी कॅसेट. शिमानोच्या मालात फ्रीव्हीलचा मॉडेल नंबर ‘एमएफ’ने सुरू होतो, कॅसेटचा ‘सीएस’ने. चाकाचा फोटो पाठवून यातलं काय लागेल असं विचारा. धंद्यातला माणूस उलट तुम्हालाच दोन प्रश्न विचारेल: किती स्पीड, हब कोणता? ठग मात्र ‘सर, सगळ्या सायकलला बसतं’ म्हणेल आणि लगेच पेमेंटची लिंक पाठवेल.

मोठ्या शॉपिंग ॲपवर घेतलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. तिथे ॲप वेगळं आणि विकणारा वेगळा असतो. विकणाऱ्याच्या नावावर दाबून त्याचं स्वतःचं रेटिंग बघा. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले सोडा, दोन-तीन स्टारवाले वाचा. ‘महिन्यात दाते झिजले’, ‘फोटोत एक, आलं दुसरंच’ अशी कामाची माहिती तिथेच सापडते. ‘शिमानो’ आणि ‘शिमानोला चालणारा’ यातला फरकही नीट बघा. दुसऱ्या प्रकारचा माल वाईटच असतो असं नाही, पण भाव त्याप्रमाणे हवा. ब्रेकच्या बाबतीत आमचं मत कडक आहे. ब्रेक शू, ब्रेकची वायर, हँडलचा स्टेम या वस्तू बिननावाच्या घेऊच नयेत. चेन तुटली तर पोरगं पायी घरी येईल. ब्रेक तुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

पॅकिंगवर एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि कोणत्या देशात बनलं हे छापलेलं असायला हवं. पार्सल घरी आल्यावर पैसे द्यायची सोय बरी, पण तिथेही खोक्यात दगड निघाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून पार्सल उघडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा आणि बिल जपून ठेवा.

फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळही घालवू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते. माल आला पण खराब आला, विकणारा परत घेत नाही, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. विकणारा लुधियानाचा असला तरी आपल्याला तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

एक मात्र करू नका. कंपनीचा ‘कस्टमर केअर’ नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका. तिथेही बनावट नंबर पेरलेले असतात, आणि आधीच फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसतो. नंबर बिलावरून किंवा ॲपमधूनच घ्या.