साइड ‘देणे’ आणि साइड ‘दाखवणे’: एका दिव्याच्या दोन अर्थांचा इतिहास

१/ शिरपूरहून सेंधव्याकडे निघालेल्या मालट्रकचा उजवा इंडिकेटर लुकलुकू लागतो. मागच्या मोटारचालकाने काय समजावे? ट्रक उजवीकडे वळणार आहे, की ‘समोर रस्ता मोकळा आहे, पुढे जा’ असे ट्रकचालक सुचवतो आहे? पहिला अर्थ खरा असेल, तर दुसरा समजणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. एकाच दिव्याला हे दोन अर्थ कसे चिकटले, याचा हा मागोवा.

२/ मुंबई-आग्रा मार्ग हा खानदेशातील दळणवळणाचा जुना कणा. नाशिक, मालेगाव, धुळे करत तो तापी ओलांडतो, शिरपूरजवळून जातो आणि पळासनेरनंतर मध्य प्रदेशात शिरतो. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१०च्या फेरक्रमांकनानंतर धुळे-शिरपूर-सेंधवा हा पट्टा ५२ क्रमांकाच्या महामार्गात गेला. येथे कापसाचा ट्रॅक्टर, बैलगाडी, दुचाकी आणि परप्रांतीय ट्रेलर एकाच रस्त्यावर येतात. चालकांची भाषा एक नसते. त्यामुळे खूण हीच त्यांची सामाईक भाषा ठरते.

३/ बैलगाडीच्या वेगाला हाळी पुरत असे. मोटारीचा वेग आणि इंजिनाचा आवाज वाढला, तेव्हा आवाजाची जागा हाताने घेतली. ब्रिटनमध्ये १९३१ साली ‘हायवे कोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात मोटारचालकांसाठी हाताच्या खुणा होत्याच. शिवाय घोडागाडीवाल्याने चाबूक डोक्यावर फिरवून मग वळण्याच्या दिशेला कलवावा, अशीही सूचना होती.

४/ भारतातही हाताच्या खुणांना कायद्याचे स्थान मिळाले. १ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या रस्त्याच्या नियमांत त्या तपशिलाने आढळतात. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा बाहेर काढायचा. डावीकडे वळतानाही तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. वेग कमी करताना तळवा खाली ठेवून हात वरखाली हलवायचा. थांबताना हात कोपरापासून उभा करायचा.

५/ आणि पाचवी खूण! मागच्या वाहनाने पुढे जावे असे सुचवायचे असेल, तर उजवा हात आडवा बाहेर काढून अर्धवर्तुळात मागेपुढे हलवायचा. मराठी चालकांच्या बोलीत हेच ‘साइड देणे’. स्वतःच्या वळण्याची सूचना म्हणजे ‘साइड दाखवणे’. दोन वेगळ्या क्रिया, दोन वेगळ्या खुणा. या थ्रेडचे सारे मर्म या फरकात आहे.

६/ दरम्यान यंत्रे हाताची जागा घेऊ लागली होती. १९१४च्या सुमारास मूकपटांची अभिनेत्री फ्लोरेन्स लॉरेन्स हिने बटण दाबताच मोटारीच्या मागे फलक वर येईल अशी योजना केली. पुढे युरोपातील मोटारींच्या खांबातून दिवा असलेला छोटा दांडा बाहेर येऊ लागला. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत तो १९६०च्या आसपासपर्यंत टिकला. अमेरिकेत ब्यूक कंपनीने १९३९च्या मॉडेलांत लुकलुकणारे दिवे आणले.

७/ यंत्राने सोय झाली, पण शब्दसंपदा आटली. हाताला पाच वाक्ये बोलता येत होती. थांबण्याचे आणि वेग कमी करण्याचे वाक्य ब्रेकच्या दिव्याकडे गेले, वळण्याची दोन वाक्ये इंडिकेटरकडे. पाचव्या वाक्यासाठी दिवाच नव्हता.

८/ गरज मात्र संपली नव्हती. दुपदरी रस्त्यावर गच्च भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलेल्याला पुढचे काहीच दिसत नसे. तो हॉर्न वाजवून वाट मागे. ट्रकच्या पाठीवरची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे त्याच संवादाची खूण. (महाराष्ट्रात २०१५ साली या अक्षरांवर बंदी आली.) हॉर्नला उत्तर म्हणून उजव्या हाताऐवजी उजवा इंडिकेटर लागू लागला, असे मानणे सयुक्तिक ठरते. हेतू सौजन्याचा होता. पण काही चालक त्याच अर्थाने डावा इंडिकेटर लावतात. परिणाम: हात दाखवून अवलक्षण.

९/ कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम १२१नुसार विहित प्रसंगी खूण करणे चालकाचे कर्तव्य आहे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत वळण्याची खूण यंत्राने करण्याची मुभा आहे. डाव्या बाजूला असल्यास यंत्र सक्तीचे, कारण त्या चालकाचा हात रस्त्याच्या मध्याकडे निघतच नाही. म्हणजे कर्तव्य खुणेचे आहे, दिवा हे तिचे साधन.

१०/ मग मागेपुढे कोणीच नसेल, तरीही खूण करावी का? येथे जगात दोन मते आहेत. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत दुसऱ्या वाहनावर परिणाम होण्याची शक्यता असेल तेव्हाच खूण अपेक्षित आहे. ब्रिटिश पोलिसांच्या चालकप्रशिक्षणाच्या परंपरेतही खुणेचा कोणाला उपयोग आहे का, हे आधी पाहावे असे शिकवले जाते. विचार न करता दिवा लावणारा चालक आरसा पाहणेच विसरतो, हा त्यामागचा युक्तिवाद. तो पोकळ नाही.

११/ परंतु ‘कोणी नाही’ हा निर्णय घेतो कोण? तोच चालक, ज्याच्या आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात दिवा नसलेली दुचाकी असू शकते. ज्याला चालकाने पाहिले, त्याच्यासाठी तो आपसूक सावध असतो. खुणेची खरी गरज न दिसलेल्याला असते. म्हणून नियम ‘नेहमी’ असाच हवा. आरसा पाहण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर पाहण्यात राहिलेली चूक सावरण्यासाठी.

१२/ मात्र ‘नेहमी’ला अर्थ तेव्हाच, जेव्हा खुणेचा अर्थ एकच असेल. शिरपूरचा महामार्ग आता चौपदरी, मध्ये दुभाजक असलेला आहे. मागच्याला साइड देण्याची जुनी निकड तेथे उरलेली नाही. दुभाजकाच्या फटीतून शेताकडे वळणारा ट्रॅक्टर मात्र आजही आहे. त्याचा उजवा इंडिकेटर लागला, तर मागच्या ट्रेलरवाल्याला त्याचा अर्थ ‘पुढे जा’ असा वाटता कामा नये. इंडिकेटरने साइड दाखवावी. द्यायचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे.