पन्नास नंबरचं ऐकू नका

सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. त्यामुळे नातेवाईक मंडळी हमखास विचारतात, "एक कॉम्प्युटर बिघडला तर सगळेच कसे बसतात रे? बंद करून चालू का नाही करत?" उत्तरादाखल एक जुनी गोष्ट सांगतो.

अर्पानेट म्हणजे इंटरनेटची आजी. अमेरिकेतलं हे जाळं २७ ऑक्टोबर १९८० रोजी काही तास ठप्प झालं. त्यातल्या जोडणाऱ्या यंत्रांना इम्प म्हणत. प्रत्येक इम्प आपल्या लाइनींची खबर शेजाऱ्यांना द्यायचा, शेजारी ती पुढे धाडायचे. खबरीवर ० ते ६३ मधला क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०, म्हणून नवं-जुनं घड्याळासारखं ठरवायचं: अर्ध्या फेरीपर्यंत जो पुढे, तो नवा.

त्या दिवशी हार्डवेअरच्या दोषामुळे ५० नंबरच्या इम्पच्या खबरींमधले बिट गळाले. ४४ मधला एक बिट गळला की होतात ४०, आणखी एक गळला की ८. आता गंमत बघा. ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा, आणि ४४ वरून गोल फिरून आलं की ८ त्याहून नवा! तिघंही एकमेकांपेक्षा ताजे. सगळे इम्प इमानेइतबारे त्याच खबरी फिरवत बसले, दुसऱ्या कामाला सवडच उरेना. एखादा इम्प बंद करून चालू केला, तरी शेजारी त्याच्या कानात पुन्हा तेच ओतणार.

जाळं सांभाळणाऱ्या बीबीएन कंपनीच्या लोकांनी एका इम्पची मेमरी उतरवून पाहिली. रांगेत ८, ४०, ४४, पुन्हा ८, ४०, ४४. सगळ्या ५० नंबरच्या नावाच्या. मग इतर इम्पना पॅच दिला: ५० नंबरकडून आलेलं काहीही ऐकू नका. जाळं सावरलं. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये ही हकीकत आरएफसी ७८९ मध्ये लिहून ठेवली.

मला यातलं मर्म असं वाटतं. बाकीचे इम्प धडधाकट होते, नियम पाळत होते, आणि त्या नियमपालनानेच बिघाड जिवंत ठेवला. क्लस्टर अडकल्यावर आम्ही आजही एखादा नोड हाताने सोडवतो, तेव्हा तो बंद करणं हे अर्धंच काम असतं. उरलेल्यांच्या यादीतून त्याचं नाव पुसायचं, ते खरं काम. नाहीतर गेलेल्याची वाट बघत चांगले चालणारेही खोळंबून राहतात.

माणसांचंही असंच असावं बहुतेक. असो.