हिवाळ्यातील नौकानयन : नदीची पारख काठावरच हवी

इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणासाठी गेलेल्या अनेक मराठी विद्यार्थ्यांना तेथील नौकानयनाची भुरळ पडते. ऑक्सफर्डमध्ये बहुतेक महाविद्यालयांची स्वतःची नौकानयन मंडळे आहेत आणि पूर्वी वल्हे हाती न धरलेल्यांनाही तेथे प्रवेश मिळतो. नवख्यांचे शिक्षण ऑक्टोबरात सुरू होते आणि 'टॉर्पिड्स' ही मोठी शर्यत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते. म्हणजे शिकाऊ खेळाडूचे पहिले महिने आणि टेम्स नदीचे सर्वांत धोक्याचे महिने एकच असतात. त्यामुळे नदी पारखण्याचे किमान ज्ञान प्रत्येकाला असणे अगत्याचे ठरते.

ओघ येतो कोठून?

पुणेकरांना मुठेचा पूर ओळखीचा आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की काही तासांत नदीपात्र भरते. टेम्सचे वागणे याहून वेगळे आहे. तेथे हिवाळ्यात बाष्पीभवन अल्प असते आणि शेतजमीन आधीच पाण्याने तुडुंब झालेली असते, त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीत मुरून गेला असता असा पाऊसही आता थेट नदीत उतरतो. शिवाय वरच्या खोऱ्यातील कॉट्सवोल्ड टेकड्यांचा चुनखडक पाणी साठवून सावकाश सोडत राहतो. परिणामी पाऊस थांबून आकाश निवळले, तरी ऑक्सफर्डजवळचा ओघ कित्येक दिवस जोरदार राहू शकतो. आजच्या आकाशावरून आजच्या नदीचा अंदाज बांधणे, ही नवख्यांची नेहमीची चूक होय.

वेग वाढला की धोका त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून अधिक वाढतो. ओघाचा वेग दुप्पट झाला, तर अडथळ्याला टेकलेल्या नौकेवरील पाण्याचा रेटा सुमारे चौपट होतो. आठ वल्हेकऱ्यांची नौका सुमारे १७ मीटर लांब आणि जेमतेम अर्धा-पाऊण मीटर रुंद असते. ती वळवताना काही काळ नदीच्या आडवी होते. ओघ सेकंदाला एक मीटर असेल आणि नवख्या चमूला वळण्यास दोन मिनिटे लागली, तर तेवढ्यात नौका १२० मीटर खाली वाहून जाते. खाली पुलाचा खांब किंवा बंधारा असेल, तर हे अंतर जीवघेणे ठरते. ऑक्सफर्डमध्ये महाविद्यालयांची नौकागृहे फॉली ब्रिजच्या बाजूला, तर इफ्लीचे लॉक आणि बंधारा त्यांच्या खालच्या अंगाला आहे. जाताना ओघाची साथ मिळते आणि थकलेल्या हातांनी परतताना त्याच्याशी झुंजावे लागते. जाताना नौका सुरेख चालली म्हणून समाधान मानू नये.

फलक आणि झेंडे

टेडिंग्टनच्या वरच्या, भरती-ओहोटी नसलेल्या टेम्सवर पर्यावरण संस्था लॉकजवळ फलक लावते. पिवळा फलक ओघ वाढत असल्याची किंवा उतरत असल्याची सूचना देतो. या दोन्ही वेळी इंजिन नसलेल्या नौकांनी पाण्यात जाऊ नये, असा सल्ला असतो. ओघ उतरू लागला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही. लाल फलकाचा अर्थ ओघ अतिशय जोरदार आहे आणि कोणतीच नौका नेऊ नये, असा होतो.

ऑक्सफर्डच्या नौकानयन मंडळांची याशिवाय स्वतःची झेंड्यांची पद्धत आहे. हिरवा झेंडा म्हणजे निर्बंध नाहीत. पुढच्या रंगांगणिक आधी नवख्या कॉक्सवर, म्हणजे सुकाणू सांभाळणाऱ्यावर, आणि मग नवख्या चमूंवर मर्यादा येतात. लाल झेंडा लागला की सराव बंद. टेडिंग्टनच्या खाली लंडनमध्ये गणित आणखी बदलते. तेथे पावसाचे पाणी ओहोटीला येऊन मिळते आणि तिचा जोर वाढवते, म्हणून लंडन बंदर प्राधिकरण ओहोटीसाठी वेगळे इशारे प्रसिद्ध करते.

न दिसणारा शत्रू : थंडी

ओघ डोळ्यांना दिसतो, पाण्याचे तापमान दिसत नाही. थंड पाण्याचा धोका १५ अंश सेल्सिअसच्या खालीच सुरू होतो आणि ऐन हिवाळ्यात नदीचे पाणी त्याहून कितीतरी थंड असते. त्यात पडताच श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल, तर तो पहिलाच श्वास घातक ठरू शकतो. पहिले मिनिट श्वास सावरण्याचे, त्यापुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय चालण्याची आणि शुद्ध हरपण्यास साधारण एक तास, असा ठोकताळा सांगितला जातो. म्हणजेच शरीर गारठून बेशुद्धी येण्याच्या बऱ्याच आधी पोहण्याची ताकद संपते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही येथे सूट नाही.

म्हणूनच 'नौका सोडू नका' हा या खेळातील पहिला नियम आहे. उलटलेली नौकाही तरंगते. तिला धरून शरीर शक्य तितके पाण्याबाहेर काढावे आणि सर्वजण आहेत ना, याची मोजणी करावी. डिसेंबर २००० मध्ये स्पेनमधील एब्रो नदीवर सराव करताना ऑक्सफर्डच्या एका चमूची आठ वल्ह्यांची नौका पाण्याने भरली आणि २१ वर्षांच्या एका वल्हेकऱ्याचा बुडून मृत्यू झाला. नौका भरल्यावरही चमूला तारून धरील एवढी बंदिस्त पोकळी आसनांखाली असावी, या मागणीने त्यानंतर जोर धरला.

वारा, धुके आणि अंधार

वल्हेकरी पाठमोरे बसतात. समोर पाहणारा एकटा कॉक्स असतो आणि काही नौकांत तोही नसतो. त्यामुळे धुक्यात जाणे म्हणजे डोळे मिटून जाणे होय. ओघाविरुद्ध वारा वाहू लागला की लाटा उभ्या राहतात आणि नौकेत पाणी शिरते. पाण्यावरील बर्फाचा पातळ थरही नौकेची नाजूक बाजू चिरू शकतो. डिसेंबरच्या मध्याला ऑक्सफर्डमध्ये दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, हेही ध्यानी ठेवावे.

निघण्यापूर्वी

* झेंडा व फलक त्याच दिवशी, निघण्याच्या वेळी पाहावेत. कालची नोंद आज उपयोगाची नाही.
* चमूतील सर्वांत नवख्या खेळाडूला झेपेल, तोच दिवस योग्य समजावा.
* कॉक्सने जीवरक्षक जाकीट घालावे. तो नौकेच्या टोकाशी आडवा झोपून सुकाणू धरत असेल, तर आपोआप फुगणारे जाकीट वापरू नये, कारण ते फुगल्यास त्याला बाहेर पडता येत नाही.
* नौकेतील बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी पुरेशी आखूड असावी, म्हणजे नौका उलटताच पाय सुटतात.
* वळण्याची जागा आधी ठरवावी. ती बंधाऱ्यापासून आणि पुलापासून भरपूर वर असावी.
* काठाला लागताना नौकेचे तोंड ओघाच्या विरुद्ध ठेवावे.

हे सारे निर्णय काठावर, कोरड्या कपड्यांत घ्यायचे असतात. एकदा वल्हे पाण्यात पडले की शर्यत जवळ आल्याची घाई आणि सोबत्यांसमोर माघार घेण्याचा संकोच विचारावर मात करतात. 'आज नको' असे म्हणण्याचा अधिकार चमूतील सर्वांत नवख्यालाही असावा आणि त्याने तसे म्हटल्यास कोणी हसू नये. नदी उद्याही तेथेच असणार आहे.