पाठ्यपुस्तक ठरते त्या टेबलावर आपण आहोत का?

अत्याचाराची नोंद म्हणजे धर्माची बदनामी, असा कांगावा अमेरिकेतही झाला.

कॅलिफोर्नियात आठवीपर्यंतची पुस्तके राज्य शिक्षण मंडळ मंजूर करते. नववीपासून स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट निवडतात. मंजुरीआधी पुस्तके लोकांना पाहता येतात, जाहीर सुनावणी होते. 2005 मध्ये सहावीच्या पुस्तकांतील प्राचीन भारताच्या धड्यांवर वेदिक फाउंडेशन आणि हिंदू एज्युकेशन फाउंडेशन यांनी दुरुस्त्या सुचवल्या. जातिव्यवस्था आणि स्त्रियांचे दुय्यम स्थान यांवरचा मजकूर सौम्य करावा, हा रोख. अभ्यासकांनी आणि दलित संघटनांनी विरोध केला. मार्च 2006 मध्ये मंडळाने बहुतेक वादग्रस्त दुरुस्त्या फेटाळल्या. प्रकरण कोर्टात गेले. पुस्तके टिकली, पण मंडळाची कार्यपद्धती सदोष ठरली.

2016 मध्ये अभ्यासक्रमाच्या आराखड्यावरून तोच वाद पुन्हा पेटला. सुनावणीत दलित कार्यकर्ते स्वतः बोलले. जातीचा उल्लेख राहिला.

पुस्तकाने कोणत्याही धर्माची टवाळी करू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण अस्पृश्यता वगळून कोणाचा सन्मान राखला जातो? वर्गातल्या आमच्या लेकरांचा नक्कीच नाही.

2024 मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोक आला. मसुदा हरकतींसाठी खुला होता, म्हणून तो वेळीच दिसला. ज्या मनुस्मृतीचे दहन बाबासाहेबांनी 1927 ला महाडमध्ये केले, ती अशी दबकत परत येते. म्हणून मोर्च्याइतकीच हरकतींची मुदतही आपण पाळली पाहिजे. मसुदा वाचा, लेखी हरकत नोंदवा.

जय भीम!