लग्नगडी, ऋण आणि बँकेचे उत्तरदायित्व
शहाडच्या रेयॉन कारखान्यात श्रमाचे मोल वेतनाने ठरू लागले, त्याच्या काही वर्षे आधी याच ठाणे जिल्ह्यात, आज पालघरमध्ये गेलेल्या डहाणू-तलासरी भागात, लग्नासाठी कर्ज काढणारा वारली सावकाराचा 'लग्नगडी' होई. श्रमावाचून त्याच्यापाशी तारण नव्हते. सावकाराने माणूसच गहाण घेतला. १९४५ च्या उठावाने या प्रथेवर आघात केला. पुढे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे ऋण रद्द ठरविले आणि मुक्त झालेल्यास ते पुन्हा काढावे लागू नये, हे पाहण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यावर सोपविले, बँकेवर नव्हे. आमच्या मते कायद्यातील खरी उणीव हीच. लग्नाची अल्प रक्कम विनातारण देण्याची ऐपत बँकांपाशी होती, आणि त्यांतील चौदा मोठ्या बँका तर १९६९ पासून शासनाच्याच मालकीच्या होत्या.